दीड वितीचा मान

तीन वर्षांत मी समितीला सात अर्ज दिले. सातही अर्जांत मागणी एकच होती: कॉम्प्लेक्सच्या पार्किंगमधला लिंबाखालचा कोपरा माझ्या गाडीसाठी मोकळा ठेवा. त्या कोपऱ्यापासून माझ्या दुकानाच्या शटरपर्यंत जमीन सपाट आहे. मध्ये पायरी नाही, नाली नाही. बारा पावलं. माझा एक पाय कॅलिपरमध्ये, दुसरा ओढत न्यायचा आणि काखेत कुबडी, पण बारा पावलं मी कुणाचा हात न धरता टाकू शकते. तेरावं विचारू नका.

माझं नाव बेबीनंदा. शहरातल्या मस्तगड भागात आमचं कॉम्प्लेक्स आहे, तिथं माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. माझ्या स्कूटीला मागं दोन जादा चाकं जोडलेली आहेत. लिंबाखाली कायम मोटारसायकली दाटलेल्या, म्हणून मी गाडी बाहेर रस्त्यावर लावायची आणि माझा धाकटा भाऊ संघपाल मला पाठीवर घेऊन नाली आणि दोन पायऱ्या ओलांडायचा. मग तो शाळेवर शिकवायला जायचा. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईनं भर बाजारात भावाच्या पाठीवर बसून दुकानात शिरायचं. लोक म्हणायचे, नशीबवान आहात, असा भाऊ मिळाला. मिळाला खरा. पण मला भाऊ नको होता, कोपरा हवा होता.

यंदा संघपालची बदली वाटूरला झाली. सोमवारपासून तो तिकडं हजर होणार होता आणि बिऱ्हाडही तिकडंच हलवणार होता. म्हणजे सोमवारी मी एकटीनं दुकानात पोहोचायचं, नाही तर शटर कायमचं खाली. आठवा अर्ज लिहायचं मला त्राण नव्हतं. मी सरळ समितीच्या अध्यक्षांना, काकासाहेबांना गाठलं.

काकासाहेब मूळचे कुंभार पिंपळगावचे. शेती तिकडं, राहणं इथं कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर. माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "ताई, तुम्ही बिलकुल काळजी करू नका. सोमवारच्या आत जागा तयार." आणि त्यांनी शब्द पाळला. तिथंच सगळा घोटाळा झाला.

मधले चार दिवस दुकान बंद ठेवून मी संघपालच्या सामानाच्या बांधाबांधीत होते. रविवारी उद्घाटनाला या, असा निरोप आला. जागेचं उद्घाटन कसलं, असं मनात आलं, पण गेले. लिंबाखाली माझ्या सपाट जमिनीवर ओटा बांधला होता. दीड वीत उंच, वर शहाबादी फरशी, तीन बाजूंनी चकचकीत स्टीलचा कठडा आणि मधोमध पिवळ्या रंगात चाकाच्या खुर्चीचं चित्र. दर्शनी बाजूला काळी फरशी बसवली होती: कै. सगुणाबाई यांच्या स्मरणार्थ. सगुणाबाई म्हणजे काकासाहेबांच्या आई. गेल्या वर्षी वारल्या.

"खाली पानी साचतं ना, म्हनून उंच केलं," काकासाहेब म्हणाले. "आन् तुमचा मान पन राह्यला. सगळ्या गाड्यांच्या वर तुमची गाडी."

ते चेष्टा करत नव्हते. आमच्याकडं ज्याला मान द्यायचा त्याला वर बसवतात. पाहुणा बाजेवर, नवरदेव घोड्यावर, देव चौथऱ्यावर. मग मला खाली कसं ठेवणार? पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून घातले होते आणि खालच्या पाण्याचासुद्धा विचार केला होता. फक्त चाकं वर कशी चढणार, हे तेवढं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"वर चढायचं कसं?" मी विचारलं. तेवढ्यात नारळ फुटला. अंगावर शाल पडली. दोन्ही बाजूंनी दोघं-दोघं आणि मागून संघपाल असे पाच जण लागले आणि मला गाडीसकट उचलून त्यांनी वर ठेवलं. टाळ्या वाजल्या. फोटोत मी हसते आहे. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तीन वर्षांनी माणूस इतका थकतो की रागावण्यापुरतीही ताकद उरत नाही.

सोमवारी मी एकटी निघाले. वॉचमन कारभारीमामांनी सकाळपासून शिट्ट्या मारून ओटा मोकळा ठेवला होता. "या म्याडम, बराबर टायमावर आल्या," ते म्हणाले. मी गाडी ओट्यापाशी नेली. पुढचं चाक कडेला टेकलं आणि थांबलं. थांबणारच होतं.

"थांबा, मानसं बलवतो," मामा म्हणाले. "काकासाहेबांनी सांगून ठेवलंय. येताना-जाताना रोज उचलायचं."

"मला उचलायचं न्हाई, मामा."

"मंग?"

मंग काय, ते मलाही माहीत नव्हतं. उतरून ओट्याला वळसा घालायचा तर पावलं बारावर जाणार, आणि कडेची वाट कठड्यानं अडवलेली. मागं वळायचं तर मोटारसायकली येऊन लागलेल्या. शटर समोर दिसत होतं. मी गाडी बंद केली आणि तिथंच बसून राहिले.

थोड्या वेळानं दैवशालाबाई पेन्शनचा फॉर्म घेऊन आल्या. त्यांना परत कसं पाठवणार? मी तो मांडीवर घेतला आणि मोबाईलवर भरायला लागले. मग शिष्यवृत्तीवाल्या पोरी आल्या, मग पीकविम्याचे चौघं. गर्दीनं पार्किंगचा रस्ता बंद झाला. मागून हॉर्न वाजत होते. लोकांना वाटलं, मी आंदोलनाला बसले. आंदोलन कसलं? पुढं जायला जागा नव्हती, एवढंच.

अकराच्या सुमारास काकासाहेबांची गाडी त्या गर्दीत अडकली. ते उतरून चालत आले.

"ताई, हे काय करून राह्यल्या?"

"दुकान."

"जागा दिली न तुम्हाला. आनखी काय पाह्यजे?"

"चढता येत न्हाई."

"उचलायला मानसं दिलेत की."

समोर ती काळी फरशी होती. मी विचारलं, "आईंना दवाखान्यात कसं न्यायचे तुम्ही?"

त्या लकव्यानं तीन वर्षं अंथरुणावर होत्या, हे साऱ्या कॉम्प्लेक्सला माहीत होतं. काकासाहेब गोंधळले. "उचलून. खुर्चीसकट. मी आन् कारभारी."

"काय म्हणायच्या त्या?"

"काहीच न्हाई. शांत बसायची."

कारभारीमामा खाली बघत म्हणाले, "डोळे मिटून घ्यायच्या, साहेब. जिना संपेपर्यंत. एकदा तुम्ही गाडी काढायला गेल्ते, तव्हा मला म्हनल्या, कारभारी, पोत्याचं बरं असतं, त्याला काही वाटत न्हाई."

काकासाहेबांनी चष्मा काढला. "मला कधी न्हाई म्हनली ती," ते म्हणाले.

"तुम्ही एवढ्या मायेनं उचलत होतात. कसं म्हणणार?" मी म्हणाले. मला त्यांची कीव आली आणि माझीही.

त्यांनी फोन करून पुंजाराम गवंड्याला बोलावलं. स्वतःच चार दिवसांपूर्वी बांधलेला ओटा फोडायचा म्हणून पुंजाराम कुरकुरत होता. सिमेंट पुरतं धरलं नव्हतं, दुपारपर्यंत ओटा निघाला. काळी फरशी काकासाहेबांनी कुणाला हात लावू दिली नाही. स्वतः सोडवली, रुमालानं पुसली.

"भिंतीला लावू का, मालक? वर, सगळ्यांना दिसंल अशी," पुंजारामनं विचारलं.

मलाही तेच बरं वाटलं. नाव चाकाखाली यायला नको. मी तसं म्हटलंही.

काकासाहेब फरशी छातीशी धरून उभे होते. "वर नको," ते म्हणाले. "खाली जमिनीतच बसव. तिला उचललेलं आवडत नव्हतं."

त्या दिवशी मी एक वाजता शटर उघडलं. आनंद वगैरे काही झाला नाही. कंबर भरून आली होती आणि निम्मी गिऱ्हाइकं निघून गेली होती.

आता मी रोज एकटी येते. लिंबाखाली जमीन पुन्हा सपाट आहे आणि कडेला सगुणाबाईंची फरशी मातीच्या बरोबरीनं बसवली आहे. तिच्यावर चाक जाऊ नये म्हणून मी गाडी जरा डावीकडून घेते. त्यानं शटर एक पाऊल लांब पडतं. ते तेरावं पाऊल मी टाकते.