बेप्पेचा तास

आपल्या देशाचं दार आधी बंद करायचं आणि मगच दिवे लावायचे. रोमानियातल्या याश शहरातल्या त्या वेबकॅम स्टुडिओत आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला कामेलियाबाई हे पहिल्याच दिवशी सांगायच्या आणि शेजारी बसून देशांच्या यादीतल्या रोमानियावर फुली मारून घ्यायच्या. एकदा ती फुली पडली की शेजारी, शाळेतले मास्तर, गावचे पाद्रीबाबा, देशातल्या कुणालाही इंटरनेटवरच्या गिऱ्हाइकांसाठी कॅमेऱ्यापुढे बसलेली ती मुलगी दिसायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. स्मारांदानेही फुली मारली आणि निश्चिंत झाली. आता तिच्या वास्लुईकडच्या गावात म्हाताऱ्या आणि कोंबड्या सोडल्या तर उरलं होतं कोण? अख्खं गाव इटलीत. कुणी विटा रचतंय, कुणी द्राक्षं तोडतंय, आणि स्मारांदाची आई प्रोफिरा ब्रेशा शहरात एका म्हातारीला सांभाळत होती. म्हणजे कुलूप घातलं ते रिकाम्या घराला. पण हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि आलं असतं तरी कामेलियाबाईंनी इटलीवर फुली मारू दिली नसती. इटलीतली गिऱ्हाइकं सढळ हाताची.

त्याआधी स्मारांदा एका औषधाच्या दुकानात खोकल्याची औषधं विकत होती आणि महिनाअखेरीला उधारीवर पाव आणत होती. आईला तिने सांगितलं होतं की आता विमा कंपनीत लागले आहे, दिवसभर फोन घ्यावे लागतात. आईने "देव बरं करो" म्हटलं होतं.

सुरुवातीचे महिने अगदी वाईट गेले. गुलाबी उशा, खोटी खिडकी, आणि मधे ही, दगडासारखी.

"तू काय पासपोर्टचा फोटो काढायला बसलीयेस का गं?" कामेलियाबाई दारातून ओरडल्या. त्यांनी स्वतः तरुणपणी हेच काम केलं होतं, त्यामुळे त्यांच्या बोलण्याचा राग धरता यायचा नाही. "हे बघ, अंग दाखवणाऱ्या हजार पडल्यात. माणसाचं ऐकून घेणारी एक नाही. त्याचा दिवस कसा गेला ते विचार. आणि उत्तर लक्षात ठेव."

लक्षात ठेवणं स्मारांदाला जमत होतं. कुणाच्या कुत्र्याचं नाव काय, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची बायको कुठल्या वारी माहेरी जाते, सगळं तिच्या डोक्यात बसायचं. वर्षभरात तिची खोली भरू लागली. कपडे कधी असायचे, कधी नसायचे. ते गिऱ्हाईक आणि दर बघून ठरायचं, आणि भाजीवाली वांग्यांचा जितका विचार करते त्याहून जास्त विचार ती त्याचा करत नव्हती. निदान करत नाही असं तिला वाटायचं.

अशातच बेप्पे आला.

तो दुपारी यायचा. आला की तिला खासगीत घ्यायचा, म्हणजे बाकी सगळ्यांना दार बंद आणि तासभर ती त्याच्या एकट्याची. कॅमेरा लावायचा नाही, आवाज द्यायचा नाही, नुसतं लिहायचा. स्मारांदाचं इटालियन लहानपणी मालिका बघून आलेलं, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. अडचण होती ती वेगळीच. पहिल्या दिवशी तिने ठरलेलं हसू हसून विचारलं, "आज दिवस कसा गेला?" तर पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मग अक्षरं उमटली: "थंडी नाही वाजत? अंगात काहीतरी घाल."

तिने लोकरीचं जाकीट घातलं. मग त्याने मोजे घालायला सांगितलं. मग विचारलं, काय जेवलीस? ती म्हणाली, कॉफी. बेप्पेने लिहिलं, "ते जेवण नव्हे."

"मोज्यांचं वेड असतं काही जणांना," कामेलियाबाई म्हणाल्या. "घाल की! लोक काढायचे पैसे देतात, हा घालायचे देतोय. तुझं नशीबच उफराटं."

"पण त्याला हवंय काय?"

"विधुर असेल. नाहीतर पाद्री. पाद्री फार चौकशा करतात."

स्मारांदाला काही कळेना. दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाचं मन तिला दोन वाक्यांत कळायचं. हा मात्र येतो, तिला सूप प्यायला लावतो, ती पिते ते बघतो आणि जातो. पण त्याच्या जिवावर ती स्टुडिओत पहिली आली. जिन्यातल्या भिंतीवर तिचा मोठा फोटो लागला, बुखारेस्टला या धंद्याचा सोहळा होता तिथे तिला नेलं, नव्या मुली तिच्याकडून मेकअप शिकायला येऊ लागल्या. तिने दोन खोल्यांचं घरही बघून ठेवलं. यश यश म्हणतात ते हेच असावं. आणि त्या यशाचा मोठा खांब म्हणजे हा एक न दिसणारा, मोज्यांची काळजी करणारा म्हातारा.

गंमत अशी की त्याच्याशी ती खरं बोलू लागली. दाढ दुखते, घराच्या कर्जाची भीती वाटते, तुदोर नावाचा एक जण होता तो न सांगता जर्मनीला निघून गेला. एकदा बेप्पेने विचारलं, आई आहे का? "आहे, लांब आहे," ती म्हणाली. "तिच्याशी मी खोटं बोलते. तिला वाटतं मी विमा कंपनीत आहे."  बेप्पेने लिहिलं, "तिला कळत असेल."

ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस चालू होते. बेप्पे नेहमीसारखा आला, आणि बहुधा चुकीच्या जागी बोट पडलं, त्याच्याकडचा आवाज चालू झाला. आधी घड्याळाची टिकटिक. मग आतल्या खोलीतून एका म्हातारीची किरकिरी हाक आली, "प्रोफिरा! प्रोफिरा!" आणि अगदी जवळून, माइकला ओठ लागावेत इतक्या जवळून, स्मारांदाच्या आईचा आवाज आला, "आले हं, सिन्योरा."

खुर्ची सरकली. स्मारांदा कॅमेऱ्याकडे बघत तशीच बसून राहिली. थोड्या वेळाने आवाज बंद झाला आणि अक्षरं उमटली, "माफ कर, टीव्ही चालू होता."

"काही हरकत नाही, बेप्पे," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

मेल्यासारखी लाज वाटली तिला. मग राग आला. मग मोजे आठवून हसू फुटलं आणि लगेच रडू आलं, असा सगळा गोंधळ. आईने किती पाहिलं असेल? मग लक्षात आलं, आई दुपारी यायची, थेट खासगीत घ्यायची, आणि आली की आधी अंगावर कपडे घालायला लावायची. म्हणजे त्या तासाला दुसऱ्या कुणी आपल्या मुलीकडे बघू नये, म्हणून ती तो तास विकत घेत होती. दुसऱ्याच्या आईला आंघोळ घालून, तिचं ढुंगण पुसून मिळवलेले पैसे. त्यातला मोठा वाटा वेबसाइटच्या घशात, थोडा स्टुडिओच्या, आणि उरलेला स्मारांदाच्या फोटोखालच्या पहिल्या नंबरात.

दुसऱ्या दिवशी बेप्पे आला तेव्हा इकडे आड तिकडे विहीर झाली. त्याचा तास घ्यावा तर आईचं कंबरडं मोडून आलेला पैसा जळतो. नाकारावा तर आईला कळणार की हिला कळलं, आणि मग दोघींनी कुठे तोंड लपवायचं? शिवाय तो तास दुसरा कुणी घेणार, तेही आईला माहीत असताना. तिने घेतला. सूप प्यायली. रोज घेत राहिली, आणि रोज ठरवत राहिली की आज शेवटचा.

ईस्टरला प्रोफिरा आली. इटलीहून माणसं भरून येणाऱ्या छोट्या गाडीतून दोन दिवसांचा प्रवास करून, पाय सुजवून, पिशवीत चीज आणि त्या म्हाताऱ्या सिन्योराने दिलेले जुने ब्लाऊज घेऊन. स्मारांदाही गावी आली. सणाआधीच्या गुरुवारी दोघी स्वयंपाकघरात ईस्टरची अंडी रंगवायला बसल्या. स्मारांदा लाल रंगातून अंडी काढून देत होती आणि प्रोफिरा त्यांना चरबीचा तुकडा चोळून चकाकी आणत होती. हे काम एकमेकींकडे न बघता करता येतं, तेवढं बरं होतं.

"आई, दुपारी सुट्टी असते ना तुला? काय करतेस गं तेव्हा?"

"आडवी होते. पाठ धरते माझी."

"रोज?"

"रोज नाही." अंडं फिरत राहिलं.

"बेप्पे कोण?"

प्रोफिराने ते अंडं परातीत ठेवलं आणि दुसरं घेतलं. "सिन्योराचा नवरा. वारला बिचारा. त्या मशीनने नाव विचारलं, मला दुसरं सुचेना."

"कुणी सांगितलं तुला?"

"ब्रेशात दर गुरुवारी आम्ही आपल्याकडच्या सगळ्या बायका बागेत बसतो. तिथे आपल्या गावच्या कोस्तिकाचा नेलू आला. फोन पुढे करून म्हणतो, मावशी, ही तुमची स्मारांदा का? मी म्हटलं, नाही रे, हिचं नाक केवढं आहे. आणि तू मेल्या असलं काय बघत बसतोस, सांगू का तुझ्या आईला? तेव्हा पळाला. मग मी सिन्योराच्या नातवाच्या मशीनवर शोधत बसले. सोपं नव्हतं गं."

"मग मला ओरडली का नाहीस?"

"ओरडणारच होते. पहिल्या दिवशी त्याच्यासाठीच तर पैसे भरले. चांगलं सुनवायचं ठरवलं होतं. तर तू आलीस, गोड हसलीस आणि विचारलंस, आज दिवस कसा गेला? आता ह्यावर काय ओरडायचं?"

स्मारांदाचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. ती म्हणाली, "मला वाटलं, तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणी मला बघू नये म्हणून तू..."

"तेही आहेच. पापाची कबुली देताना पाद्रीबाबाला मी तसंच सांगितलं." प्रोफिराने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "पण तुला खरं सांगू? फोनवर तू, हं आई, बोल आई, कामात आहे आई. दोन मिनिटं झाली की ठेवू का आई. तिथे तासभर बसतेस. दाढेचं सांगतेस. त्या तुदोरचं मला कधी बोलली होतीस? पैसे दिले की तू नीट बोलतेस."

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. हे आईने बाजारात कांदा स्वस्त झाला असं सांगावं तसं सांगितलं.

"ते शिकवलेलं असतं, आई," स्मारांदा म्हणाली. "दिवस कसा गेला ते मी सगळ्यांनाच विचारते."

"असेल. मला कुठे कुणी विचारतं?"

स्मारांदाने रंगाचं भांडं बाजूला केलं. "आता नको येऊस तिथे. मी फोन करीन. दुपारी, तुझ्या सुट्टीत. रोज करीन, आई, खरंच."

"कर," प्रोफिरा म्हणाली, आणि पुढचं अंडं मागायला हात पुढे केला.

सण झाला, आई ब्रेशाला गेली, स्मारांदा याशला आली. आल्या दिवशी दुपारी तिने बेप्पेच्या नावावर स्वतःच्या हाताने फुली मारली. कामेलियाबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, दुभत्या गाईला कुणी घराबाहेर काढतं का? पाद्रीने काही केलं की काय तुला?"  स्मारांदाने दिवे बंद केले, गुलाबी उशांवर मांडी घालून बसली आणि आईला फोन लावला.

"काय झालं?" आई घाबरून म्हणाली. "बरी आहेस ना?"

"बरी आहे. असाच केला. करीन म्हटलं होतं ना."

"हो, हो. जेवलीस?"

"जेवले. तू?"

"मी पण."

मग दोघी गप्प. स्मारांदाला बरंच काही बोलायचं होतं. दाढ काढायची ठरली होती, घराचे कागद आले होते, ईस्टरनंतर झोप लागत नव्हती. पण अंधारात फोन कानाला लावून बसल्यावर तोंडातून शब्दच फुटेना. समोर आईच होती, म्हणूनच फुटेना. दिवस कसा गेला, हे विचारावं म्हणून तिने तोंड उघडलं आणि ते खोटं वाटेल म्हणून मिटलं. तिकडे सिन्योराच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"बरं, ठेवते," आईच शेवटी म्हणाली. "तुला काम असेल."

"हं. ठेव."

तिने फोन उशीवर ठेवला. हे सगळं उलटं कसं झालं, कुठे झालं, तिला सांगता आलं नसतं. दोघींतली खरी कोण, फोनवर मुकी होणारी की दिव्याखाली हसणारी, तेही कळेना. मग तिने उठून दिवे लावले, केस सारखे केले, यादी उघडली आणि बेप्पेच्या नावावरची फुली काढली. लोकरीचं जाकीट अंगात घातलं. कॅमेरा चालू केला.

वाट फार बघावी लागली नाही. पैसे भरल्याची घंटी वाजली, बाकी सगळ्यांना दार बंद झालं.

"बेप्पे," स्मारांदा हसून म्हणाली, आणि ते हसू कुणाचं हे तिलाही ठाऊक नव्हतं. "आज दिवस कसा गेला?"

आणि आईने लिहायला सुरुवात केली.