पडेगावचा सहाशे वर्षांचा खोडा

मी एक जुना खोडा आहे, मित्रांनो. किती जुना, यावर मात्र दोन मतं आहेत. माझ्या शेजारच्या पाटीवर ‘जर्मनी, चौदावं शतक’ असं लिहिलेलं होतं, आणि मला घडवणाऱ्या निजामुद्दीन मिस्त्रींना विचारलंत तर ते सांगतील, मागच्या दिवाळीनंतरचा मंगळवार. मी स्वतः बरेच दिवस पाटीच्या बाजूने होतो. वय वाढवून सांगितलं की मान मिळतो, हा आमच्या धंद्यातला अनुभव आहे.

खोडा तुम्ही पाहिला नसेल म्हणून सांगतो. दोन खांबांवर एकावर एक दोन जाड फळ्या, आणि फळ्यांच्या मध्ये तीन भोकं. मधलं मानेसाठी, बाजूची दोन मनगटांसाठी. वरची फळी उचलायची, अपराध्याला वाकवायचं, फळी खाली टाकायची आणि कडी लावायची. मग तो दिवसभर भर बाजारात तसाच उभा. मध्ययुगात युरोपात वजनात काटा मारणाऱ्या पाववाल्याला ही शिक्षा व्हायची. येणारे-जाणारे तोंडाला येईल ते बोलायचे आणि हाताला येईल ते फेकायचे.

माझा जन्म पडेगावचा, दौलताबाद रस्त्यावरचा. मिस्त्रींचं दुकान लग्नातल्या पलंगांसाठी प्रसिद्ध. एक दिवस तिथे आप्पासाहेब आले आणि त्यांनी मोबाइलवरचे फोटो दाखवायला सुरुवात केली. दौलताबादचा किल्ला पाहून परतणाऱ्या पर्यटकांसाठी त्यांना रस्त्यालगत एक हॉल उघडायचा होता, ‘मध्ययुगीन युरोपातील शिक्षा’. किल्ल्यातल्या अंधारी नावाच्या काळोख्या भुयारातून चाचपडत बाहेर आलेल्या माणसाला आता देशातलं काहीच भीती घालणार नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

“साहेब, बाभूळ अभी गीला है,” मिस्त्री म्हणाले. “चार महिने सुकू द्या. नाय तर पीळ धरंल.”

“नाताळाला पर्यटक येतेत, निजामभाई. तवर हॉल उघडायचाय. आन् सहाशे वर्षांपूर्वीचं लाकूड सरळ असतंय व्हय कुठं?”

झालं, माझं काम सुरू झालं. माप घेतलं ते मिस्त्रींच्या मेहुण्याचं. ओवैस त्याचं नाव, केळीची गाडी लावतो, बुटका आणि जाड मानेचा. त्याची मान ती माझी मान, त्याची उंची ती माझी उंची. मला म्हातारं करायला मिस्त्रींनी पातेलंभर चहाचा चोथा उकळून माझ्या अंगाला फासला. पण जन्मभर पलंग केलेला हात सवय सोडतो थोडाच. त्यांनी माझ्या सगळ्या कडा गोल केल्या, मानेच्या भोकाला तीनदा पॉलिश पेपर मारला आणि वरच्या फळीवर, जिथे पलंगाला काढतात तिथेच, एक मोगऱ्याचं फूल कोरलं.

आप्पासाहेबांनी कपाळाला हात लावला. “हे छळायचंय, निजामभाई. झोपायचं नाय.”

“हां साहेब. पण माझ्या हातच्या चिजेनं आजवर कुणाला लागलेलं नाय.”

हॉलमध्ये मला शेजार चांगला मिळाला. अंगठा चिरडायचा स्क्रू होता, चहाडखोरांना घालायचा गाढवाच्या कानांचा मुखवटा होता, दारुड्यांना अंगात घालायला लावायचं पिंप होतं. आतून खिळे ठोकलेली एक उभी लोखंडी पेटी होती. ती मध्ययुगात नव्हतीच, पुढच्या काळात लोकांनी बघणाऱ्यांना खेचायला जुळवली, असं जाणकार सांगतात. म्हणजे ती नकलेची नक्कल. तिच्याकडे पाहिलं की मला माझ्या वयाबद्दल कमी संकोच वाटायचा. आणि माझ्या अगदी शेजारी होती काटेरी खुर्ची. चितेगावच्या वेल्डरने तिला पाठीपासून बुडापर्यंत खिळे लावले होते. अख्ख्या हॉलमध्ये बसायची अशी ती एकच वस्तू.

हे सगळं लोकांना समजावून सांगायला करुणा होती. इतिहासात पदवी घेतलेली, आवाज स्वच्छ, आणि खोटं बोलायची अजिबात सवय नाही. फूल कशाचं, असं कुणी विचारलं की ती सांगायची, “कारागिराच्या हाताची सवय.” आप्पासाहेब लांबून डोळे वटारायचे. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ती उभी असायची. महिनाभरात तिचे पाय सुजायला लागले, चपलेचा पट्टा लागेना. तिने खुर्ची मागितली.

“पाहुण्यांसमोर गाईड बसल्याली बरी दिसत नाय,” आप्पासाहेब म्हणाले. “आन् उभ्यानं बोललं की आवाज नीट निघतो.”

एका दुपारी हॉल रिकामा होता. करुणाने कोपऱ्यातली एक फळी काटेरी खुर्चीवर आडवी टाकली, वर गोणपाट घातलं आणि बसली. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी कुठल्याही पलंगावर पाहिलेलं नाही, आणि माझं बालपण पलंगांच्या दुकानात गेलंय. पाचव्या मिनिटाला आप्पासाहेब आले. ते काय बोलले ते मी सांगत नाही, कारण मुलं वाचत असतील. डॉक्टरांनी तिला आधीच बजावलं होतं, मधूनमधून बसा नाही तर नोकरी सोडा. तिने फेब्रुवारी संपला की सोडायचं ठरवलं. तिला हे काम मनापासून आवडायचं, आणि मला ती आवडायची. तिच्याशिवाय मी नुसतं लाकूड होतो.

फेब्रुवारीचे तीन दिवस उरले असताना बिडकीनची एक शाळा सहलीला आली. रामप्रसाद सर आणि साठ मुलं. शाळा आली की आप्पासाहेबांच्या अंगात यायचं, माझं प्रात्यक्षिक ते स्वतः करून दाखवत. आप्पासाहेब उंच, मी ओवैसच्या मापाचा. ते कमरेत आणि गुडघ्यांत वाकले, मान घातली, हात घातले, आणि करुणाने फळी टाकून कडी लावली.

“तर मुलांनो, आता लोक याला काय काय बोलत असतील? बोला, लाजू नका.”

मुलं लाजली नाहीत. एक म्हणाला, इथे प्यायला पाणी नाही. दुसऱ्याने पंखा फिरत नसल्याचं काढलं. मग माहनूर नावाची दोन वेण्यांची मुलगी पुढे आली आणि तिने शांतपणे विचारलं, “काका, ताई मघापासून उभ्याच हायेत. त्यांना बसायला का नाय?”

आप्पासाहेब हसले आणि म्हणाले, “काढ गं कडी.”

कडी निघेना. मिस्त्री म्हणाले होते तेच झालं होतं. ओलं लाकूड सुकता सुकता मी पीळ धरला होता, आणि माझ्या वरच्या फळीने कडी गच्च आवळून ठेवली होती. मी हे मुद्दाम केलं का, असं मला कृपया विचारू नका. करुणाने ओढून पाहिलं, सरांनी दगडाने ठोकून पाहिलं, दोन मुलांनी तेलाची बाटली रिकामी केली. शेवटी मिस्त्रींना फोन गेला. ते शहरात एका लग्नघरी पलंग जोडत होते, तासभर तरी लागणार होता.

पहिली दहा मिनिटं आप्पासाहेब रुबाबात होते. विसाव्या मिनिटाला त्यांची कमर भरून आली, सरळ उभं राहता येईना आणि खाली बसताही येईना.

“करुणा,” ते बारीक आवाजात म्हणाले, “बुडाखाली कायतरी दे गं. खुर्ची आण.”

करुणाने हॉलभर नजर फिरवली. “सर, आपल्याकडं एकच खुर्ची हाय.”

साठ मुलांनी एकदम काटेरी खुर्चीकडे पाहिलं. आप्पासाहेबांना मान वळवता येत नव्हती, पण त्यांनी न बघताच ओळखलं आणि डोळे मिटून घेतले.

मला वाटलं, आता करुणा हिशेब चुकता करणार. माझी तरी इच्छा तीच होती, कबूल करतो. ती मात्र कोपऱ्यात गेली. तिने तीच फळी आणली, तेच गोणपाट घातलं, आणि मुलांच्या मदतीने ती खुर्ची ओढत आप्पासाहेबांच्या मागे लावली. आप्पासाहेब बसले. त्यांच्या तोंडून एक लांब सुस्कारा निघाला. मी तो ओळखला, करुणाच्या तोंडून त्या दुपारी तसाच निघाला होता. तासाभराने मिस्त्री आले तेव्हा ते तिथेच बसलेले होते.

मिस्त्रींनी मला बोटांनी ठोकून पाहिलं. “पीळ लई बसला. कापावं लागंल, साहेब.” करवत हातात घेऊन ते थोडे थांबले. कोरलेल्या फुलावरून त्यांनी अंगठा फिरवला, आणि मला वाईट वाटलं, स्वतःसाठी नाही, त्यांच्यासाठी. कडीजवळचं टोक कापून त्यांनी साहेबांना सोडवलं. “उरलेल्या फळीचं काय करू?”

“काय करायचं ते करा,” आप्पासाहेब कमर धरून म्हणाले.

दोन दिवसांनी, करुणाच्या शेवटच्या सकाळी, मिस्त्री स्कूटरवर मला घेऊन आले. खोड्याला त्यांनी वर सुक्या सागाची नवी फळी घातली होती. आणि मी, म्हणजे मानेची अर्धगोल खाच असलेली आणि फुलाची जुनी फळी, चार पायांवर उभा होतो. “बेटा, बसून बघ,” ते करुणाला म्हणाले. ती बसायला आणि आप्पासाहेब कमरेला पट्टा बांधून आत यायला एकच गाठ पडली. करुणा झटकन उठली. आप्पासाहेबांनी मला पाहिलं, माझी खाच पाहिली आणि नकळत स्वतःच्या मानेवरून हात फिरवला.

“उभ्यानं काय बोलतीस,” ते म्हणाले. “बस.”

मार्च आला, एप्रिल आला, करुणा गेली नाही. आप्पासाहेबांची परवानगी घेऊन तिने माझ्यासाठी एक पाटी लिहिली, ‘स्टूल. पडेगाव, चालू वर्ष. कारागीर निजामुद्दीन. वापर, बसण्यासाठी.’ माझी सहाशे वर्षं एका दिवसात गेली आणि मला त्याचं काडीचंही दुःख झालं नाही. पर्यटक खोड्यापेक्षा माझ्यापुढे जास्त वेळ थांबतात. मिस्त्री आठवड्यातून एकदा उगाच चक्कर मारतात आणि पाटीवरची धूळ पुसून जातात.

मित्रांनो, मला जपा, रंग द्या, असं मी म्हणणार नाही. माझं बरं चाललंय. पण तुमच्या ओळखीच्या दुकानात, लग्नाच्या हॉलच्या दारात, कुठे कुणी सकाळपासून उभं असेल, तर त्याला एवढंच विचारा की बसायला काही आहे का. नसेल तर पडेगावला निजामुद्दीन मिस्त्रींकडे या. आता ते लाकूड चार महिने सुकवूनच घेतात, आणि फूल न सांगताच काढून देतात.