पाहुण्यानं न घेतलेलं क्लॅरोनेट

विद्यापीठाच्या सभागृहात मल्लव्वा मुद्दाम कडेच्या खुर्चीवर बसली. नात रडत बाहेर निघाली, तर आपल्यालाही पटकन उठता यावं, एवढाच विचार.

पुण्याहून अमृतराव खांबेटे नावाचे मोठे क्लॅरोनेटवादक आले होते. सकाळी त्यांचं वादन, दुपारी विद्यार्थ्यांचा मास्टरक्लास. मल्लव्वाची नात अक्षता संगीत विभागात पहिल्या वर्षाला होती आणि दुपारी पाहुण्यांपुढं वाजवणाऱ्या चौघांत तिचं नाव होतं. तिच्याजवळ होतं ते आजोबांचं क्लॅरोनेट. मल्लव्वाच्या नवऱ्यानं, शहाजीनं, होटगीच्या बँडमध्ये चाळीस वर्षं वाजवलेलं.

आठवडाभर मल्लव्वा तिच्या मागं लागली होती. बाकीच्यांची वाद्यं नवी कोरी, मग तुझंच नाव कसं आलं? कुणाला तरी हसायचं असणार. अक्षतानं सांगितलं, अव्वा, चिठ्ठ्या टाकल्या होत्या. त्यावर मल्लव्वानं विचारलं, चिठ्ठ्या उचलल्या कुणी?

सकाळच्या वादनात तिला काही खोट सापडली नाही. सूर गोड होता, नाही म्हणायची सोय नव्हती. पण प्रत्येक राग संपला की खांबेटे पांढराशुभ्र रुमाल काढत आणि क्लॅरोनेटचा तोंडाकडचा भाग तीनतीनदा पुसत. माणूस सोवळ्यातला दिसतोय, एवढं तिनं टिपून ठेवलं.

शहाजीच्या बँडबरोबर लग्नसराईत ती डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालायची. बार्शीच्या एका वरातीत नवरदेवाचा मामा शहाजीच्या वाजवण्यावर इतका खूश झाला, की मीही फुंकून बघतो म्हणाला. शहाजीनं हौसेनं क्लॅरोनेट पुढं केलं. मामाचा हात आला, तेवढ्यात मागून कुणीतरी बाई त्याच्या कानाशी जातीवरून काहीतरी पुटपुटली. मामानं हात मागं घेतला, असू दे म्हणाला, आणि वरात पुढं गेली. शहाजी हात पुढं करून तसाच उभा. बत्तीचा उजेड नेमका त्याच्या तोंडावर पडत होता आणि ती बत्ती मल्लव्वाच्याच डोक्यावर होती. पन्नास वर्षं होत आली, पण ते तोंड काही तिच्या डोळ्यांपुढून हललं नाही.

दुपारी क्लास सुरू झाला. खांबेट्यांची रीत सरळ होती. मुलानं वाजवायचं, मग त्याचंच वाद्य घेऊन त्यांनी चूक दाखवायची. पहिल्याचं, माळशिरसच्या सिद्धनाथचं, त्यांनी घेतलं, रुमालानं पुसलं, तोंडाला लावलं. दुसऱ्याचं घेतलं, तिसऱ्याचंही घेतलं. मल्लव्वा आता खुर्चीच्या टोकावर आली होती. शेवटी अक्षता उठली. आजोबांनी शिकवलेली एक जुनी धून तिनं वाजवली.

"कुणाचं हे?" खांबेट्यांनी विचारलं.

"आजोबांचं, सर. बँडमध्ये होते."

त्यांनी हात पुढं केला. क्लॅरोनेटकडं निरखून पाहिलं. मग हात मागं घेतला.

"असू दे," ते म्हणाले. "मी तोंडीच सांगतो."

मल्लव्वा कधी उभी राहिली, तिचं तिलाही कळलं नाही.

"सायेब, एक इचारू का? त्या तिघांचं तुमी तोंडाला लावलं. आमच्या पोरीचं का न्हाय?"

सगळ्यांनी माना वळवल्या. विभागाच्या मॅडम गडबडीनं उठल्या, आजीबाई बसा म्हणाल्या. अक्षतानं ओठ घट्ट मिटून घेतले. खांबेट्यांनी या वेळी रुमाल काढलाच नाही. अक्षताच्या हातातून क्लॅरोनेट घेतलं आणि तसंच तोंडाला लावलं.

चिरका, बदकासारखा आवाज निघाला. पोरं हसली.

"याच भीतीनं घेत नव्हतो, आजी," खांबेटे म्हणाले. "एक चावी रबरानं बांधलीय, दुसरीतून हवा गळतीय. ही पोरगी यातून सूर काढते, मला निघायचा नाही हे दिसत होतं. एवढ्या पोरांपुढं फजिती नको म्हटलं."

मल्लव्वाचा विश्वास बसला नाही. मोठी माणसं असली उत्तरं तयारच ठेवतात. मुद्दाम चुकीचं फुंकायलाही यांना येत असेल.

अक्षता जवळ गेली. "सर, करंगळी हितं. ही चावी सोडायचीच नाही."

त्यांनी पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. आता त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, कपाळावर घाम आला. मल्लव्वानं बारकाईनं पाहिलं. घाम काही मुद्दाम आणता येत नाही. अक्षतानं त्यांचं बोट धरून चावीवर दाबलं, तेव्हा कुठं एक सूर निघाला, डगमगता, पण शहाजीच्या क्लॅरोनेटचा.

मल्लव्वा खाली बसली. लगेच तिला शंका आली, की सगळ्यांपुढं विचारलं म्हणूनच त्यांनी घेतलं असेल. न विचारता घेतलं असतं का, ते आता कधीच कळणार नव्हतं.

खांबेट्यांनी वाद्य परत दिलं. अक्षतानं ते घेतलं आणि ओढणीच्या पदरानं तोंडाकडचा भाग खसाखसा पुसला. आतली वेताची पत्तीही काढून पुसली, उलटीसुलटी करून पाहिली, परत बसवली आणि मग क्लॅरोनेट ओठाला लावलं. शहाजीची शिस्तच तशी. दुसऱ्याचं तोंड लागलं की पुसायचं, मग तो कुणी का असेना.

सगळ्या सभागृहानं ते पाहिलं. मल्लव्वाला वाटलं, पोरीला चिमटा काढावा. खांबेटे समोरच उभे होते, रिकामे हात तसेच अर्धवट पुढं.

"हं," ते म्हणाले, "आता पहिल्यापासून."

अक्षता वाजवू लागली. मल्लव्वाची नजर मात्र त्यांच्या तोंडावरून हलेना. बत्तीच्या उजेडात शहाजीच्या तोंडावर दिसलेलं तिथं काही उमटतंय का ते ती बघत राहिली, आणि त्या नादात नातीची निम्मी धून तिच्या कानात शिरलीच नाही.