शनिदेवाचे डोळे

"आई, ह्याला डोळे का न्हाईत?"

चार दिवस मी टॅबवरच्या ज्या जागेकडे बघणंही टाळत होते, नेमकं तिथंच पूजानं बोट ठेवलं. सहा वर्षांची पोर. शनिवारची सकाळची शाळा करून आली होती आणि खिचडीचं ताट सोडून माझ्या खांद्यावर रेलली होती.

"काढायचेत अजून. तू जेव."

"मग काढ ना. आंधळा दिसतोय."

"गप!" मी एवढ्यानं ओरडले की तिच्या हातातला चमचाच पडला.

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पालीला भिते, फोन वाजला तर भिते, नाही वाजला तर जास्त भिते. कर्जतहून लग्न होऊन शनिशिंगणापुरात आले तेव्हा बिनदाराच्या घरात महिनाभर उशाशी वरवंटा घेऊन झोपले होते. माझ्या सासूबाईंना, म्हणजे साळूबाईंना, ते दिसलं आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. "आगं, हितं कोन येतंय? देव बसलाय की राखायला!" आता मला त्या देवाचीच भीती वाटत होती.

मी ड्रॉइंगचा डिप्लोमा केलाय. पुण्याच्या मोनिका मॅडम लहान मुलांसाठी रंगवायची पुस्तकं छापतात, त्यातली चित्रं घरी बसून मी काढते. मॅडमना जपानी ढंगाची गोंडस चित्रं लागतात. तिकडे त्याला कवाई म्हणतात. भलंमोठं गोल डोकं, इवलंसं अंग, गालांवर दोन लंबगोल, तोंड असलं तर असलं, नाहीतर नाही. सगळा जीव डोळ्यांत. डोळे मोठे, एकमेकांपासून लांब, चेहऱ्यावर जरा खाली, आणि सरळ आपल्याकडे बघणारे. किटलीला डोळे, ढगाला डोळे, मुळ्यालासुद्धा डोळे. "तिकडे पोलिसांच्या पाटीवरही असं गोड चित्र असतं, जया," मॅडम सांगायच्या. "ज्याची धास्ती वाटते ते जवळचं वाटायला लागतं."

तीन वर्षं मी मांजरं, ससे, भाताचे हसरे गोळे काढले. त्यात कुठंच माझं नाव नव्हतं. या खेपेचं पुस्तक मात्र 'माझे गोजिरे देव', आणि मुखपृष्ठावर छापलं जाणार होतं : चित्रे – जया अंगद म्हस्के. नवऱ्यानं, अंगदनं, ते आख्ख्या बाजारात सांगून ठेवलं होतं. मी वर वर चिडत होते, पण आंघोळ करतानासुद्धा ते नाव मनात म्हणून बघत होते.

गणपती झाला, मारुती झाला, बाळकृष्ण झाला. चोविसावे शनिदेव. मुकुट झाला, खांद्यावरचा गुबगुबीत कावळा झाला. डोळे तेवढे राहिले.

बाहेरच्या माणसाला यातली मेख कळायची नाही. आमच्या गावात चौथऱ्यावर शनिदेवाची नुसती शिळा आहे. तिला तोंड नाही, डोळे नाहीत. आणि शनीची नजर म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ती नजर आपल्यावरून वळावी म्हणून तर लोक कुठून कुठून येऊन तेल घालतात. आणि मी त्यांना बशीएवढे डोळे काढून सरळ समोर बघायला लावणार? तेही माझ्याच घरात बसून, शनिवारी?

साडेअकराला मॅडमचा फोन आला.

"मॅडम, मिटलेले चालतील का? झोपेतले?"

"बाकीचे तेवीस जागे आणि एक झोपलेला? अगं, पाचला छपाईला जातंय. तुला नसेल जमत तर हे एक दुसऱ्याकडून काढून घेते, पण मग मुखपृष्ठावर दोन नावं येतील."

माझी चुळबुळ त्यांना कळली असावी.

"हे बघ, जपानात एक लाल गोल बाहुली मिळते, कोऱ्या डोळ्यांची. मनात काहीतरी धरायचं आणि एक डोळा रंगवायचा. ते पुरं झालं की दुसरा. आपल्या नवसासारखंच. तू पण एकेक काढ. होतंय."

मी हसले, पण नवस हा शब्द डोक्यात अडकून बसला.

आधी उजवा काढला. रेघ तीनदा पुसली. मग डावा. दोन्ही बुबुळांत पांढरा ठिपका दिला आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. सव्वाबाराला चित्र पाठवलं आणि टॅब पालथा घातला.

अंगद जीपमधून शिर्डीहून भाविक आणतो. एकला जेवायला येतो म्हणून सांगून गेला होता. दीड वाजला. फोन लावला तर स्विच ऑफ. दोन वाजले. फोन बंदच. पडदा सारून मी दहा वेळा रस्त्यावर जाऊन आले. शेजारचे काकासाहेब ओट्यावर बसले होते.

"अंगद आला न्हाई का गं? राहुरीकडं कुठंशी जीप उलटलीय म्हनं."

"कुनाची?"

"ते काय म्हाईत न्हाई बा."

आत येऊन मी स्वयंपाकाच्या ओट्याला धरून उभी राहिले. मीच केलं हे. मीच त्यांना बघायला लावलं आणि त्यांनी बघितलं. पुसून टाकू का डोळे? मॅडमना सांगू, ते पान काढून टाका? पण काढलेले डोळे पुसायचे म्हणजे फोडायचेच की! देवाचे!

मग नवसच बोलायचा. पण द्यायचं काय? नारळ सगळेच बोलतात. ज्याच्यावाचून आपलं अडतं ते द्यावं लागतं, आणि माझ्याजवळ त्या दिवशी तसं एकच होतं. मी हात जोडले. "देवा, माझा माणूस धडधाकट घरी येऊ दे. मला नाव नको."

तेवढ्यावर थांबले नाही. नंतर मन फिरलं तर? लगेच पुण्याला फोन लावला.

"मॅडम, मुखपृष्ठावरचं माझं नाव काढा."

"काय? वेडी आहेस का तू? तीन वर्षं वाट बघितलीस ना?"

"काढा, मॅडम. माझ्या गळ्याची शपथ."

"बरं नाही का तुला? अगं, निदान कारण तरी..."

"काढा म्हटलं ना!" आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले, आणि फोन ठेवून भांड्यांच्या ढिगाऱ्याशी बसून रडले.

सव्वातीनला जीपचा आवाज आला. अंगद पडदा सारून आत आला. हात कोपरापर्यंत काळे, सदऱ्याला ग्रीस.

"दोन टायर पंक्चर झाली, बग. स्टेपनी एकच. आन् मोबाईलला चार्जिंग न्हाई. भूक लागलीय लई, वाड."

मला पुन्हा रडू फुटलं.

"आगं, म्या काय मेलो हुतो का?"

"असलं बोलू नका!" मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. ग्रीसचा वास आला. इतका चांगला वास मी कधी घेतला नव्हता.

त्याला भाकरी वाढताना घड्याळाकडे लक्ष गेलं. साडेतीन. पाचला अजून वेळ होता. उलटलेली जीप दुसऱ्याच कुणाची तरी होती, अंगदच्या जीपची टायरं खिळ्यानं गेली होती, एक फोन केला असता तर सगळं पहिल्यासारखं झालं असतं. मी मोबाईल हातात घेतला आणि परत फळीवर ठेवला. बोललेला नवस फिरवायची धमक असती, तर स्वतःला भित्री कशाला म्हटलं असतं?

दिवाळीनंतर पुस्तकाच्या पाच प्रती आल्या. अंगदनं मुखपृष्ठ उलटसुलट करून बघितलं. मी म्हणाले, छापायचं राहिलं. तो मॅडमला फोन करून झापायला निघाला होता. मी हातापाया पडून थांबवलं. "आईला काय सांगू आता?" एवढंच म्हणाला आणि गाडीवर गेला. त्यानं आईला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी सासूबाई देवळाजवळच्या दुकानातून आल्या. तिथं त्या रुईच्या माळा विकतात. हात पुसत माझ्याजवळ बसल्या. "दाव तुजं पुस्तक." मी पानं उलटत गेले आणि चोविसाव्यावर माझा हात थांबला. त्यांनीच पान उलटलं. पटकन पदर डोक्यावर ओढला, तोंड फिरवलं. मग हळूच तिरकं बघितलं. मग सरळ.

"डोळं तू काडलं?"

"व्हय, आत्याबाई." माझी बोबडी वळायची बाकी होती.

त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. "तीस वर्सं झाली मला माळा इकताना. पन त्येच्याम्होरं कवा मान वर केली न्हाई. भ्या वाटतं." मग म्हणाल्या, "हे तर लेकरू हाय की गं."

त्यांनी पुस्तक मिटलं आणि मांडीवर उताणं धरलं. त्यांना अक्षर येत नाही.

"तुजं नाव कुटं हाय? अंगद म्हनत हुता, वरच हाय म्हनून."

मी त्यांचा हात धरला. बोट नेऊन पुस्तकाच्या नावावर ठेवलं, तांबड्या ठसठशीत अक्षरांवर. त्यांनी हात काढून घेतला, बोट लुगड्याला नीट पुसलं आणि पुन्हा पहिल्या अक्षरावर ठेवून शेवटपर्यंत सावकाश नेलं.

"लई लांब हाय गं तुजं नाव."

"आडनावासकट हाय, आत्याबाई," मी म्हणाले.