उत्तरेच्या खिडक्यांची खोली

व्हायोलिनचं पोट उघडायची पातळ सुरी डिंकमावशीने वहीच्या चिकटलेल्या दोन पानांमध्ये घातली आणि श्वास रोखून ती हळूहळू पुढे सरकवली. ओल लागून पानं एकमेकांना घट्ट धरून बसली होती. सरसाने चिकटलेलं असो की ओलीने, घाई केली तर हातात तुकडे येतात, हे तिला या कामाने केव्हाच शिकवलं होतं. शेवटचा कोपरा सुटला तशी तिने पानावर फुंकर मारली.

संगीत विद्यालयाला ऐंशी वर्षं पुरी होत होती. त्यानिमित्त एक छोटं पुस्तक काढायचं प्राचार्यांनी मनावर घेतलं आणि सभांच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा आणून तिच्या टेबलावर ठेवला.

"तुमच्याइतकं जुनं आता इथे कोणी उरलं नाही," ते म्हणाले.

"जिना आहे की," ती म्हणाली. "पण त्याचं अक्षर चांगलं नाही."

तेव्हापासून दुपारी हातातलं काम संपलं की ती वह्या वाचत बसे. तिला सगळे डिंकमावशी म्हणत, कारण विद्यालयातलं जे जे तुटे ते तिच्याकडे येई आणि जोडलं जाऊन परत जाई. वह्यांमध्ये तिला विद्यालयाचा पहिला दिवस सापडला. पोस्टाच्या वरची एक खोली, एक निवृत्त बँडमास्तर, अकरा विद्यार्थी आणि वाद्यं चारच. चौघांनी वाजवायचं आणि बाकीच्या सातांनी ऐकून स्वर गाऊन दाखवायचे. पहिल्या वर्षी सहा महिने वाद्याला हात लावायचा नाही, आधी कान तयार करायचा, ही विद्यालयाची शिस्त आता गावोगाव नावाजलेली होती. ती मुळात वाद्यं कमी होती म्हणून सुरू झाली, हे वाचून मावशी एकटीच हसली.

पण आजच्या पानावर ती हसली नाही. सभा चौतीस वर्षांपूर्वीची होती आणि दुसऱ्याच ओळीत तिचं स्वतःचं नाव होतं.

त्या वर्षी ती सतरा वर्षांची होती आणि व्हायोलिन शिकत होती. लहानपणी मोडलेली डाव्या हाताची करंगळी वाकडीच जुळली होती. पहिली दोन वर्षं तिच्यावाचून निभावलं. तिसऱ्या वर्षी करंगळीवाचून पान हलेना. परीक्षेत ती नापास झाली आणि आठवड्याभराने वरच्या खोलीत व्हायोलिनच्या बाईंनी तिला वाजवताना मध्येच थांबवलं.

"ठेव ते खाली," बाई म्हणाल्या होत्या. "हे तुझ्या हातून व्हायचं नाही. उद्यापासून या खोलीत व्हायोलिनशिवाय ये. एक कारागीर येणार आहेत, ते सांगतील ते कर."

एवढंच. पाठीवर हात नाही की धीराचा शब्द नाही. ती जिन्यात बसून रडली आणि दुसऱ्या दिवशी वर गेली ती केवळ घरी सांगायला तोंड नव्हतं म्हणून. त्या म्हाताऱ्या कारागिरांनी तिला लाकूड ओळखायला शिकवलं, सरस शिजवायला शिकवलं, वाद्याच्या पाठीवर टिचकी मारून भेग कुठे आहे ते ऐकायला शिकवलं. त्यांची आठवण ती रोज काढी. बाईंचं नावही ती घेई, पण आदराने, मायेने नव्हे.

तिने पान उजेडाकडे धरलं.

'सदर विद्यार्थिनीचे नाव कमी करावे, असे समितीचे मत पडले. व्हायोलिनच्या शिक्षिकांनी हरकत घेतली. हिचा हात चालत नसला तरी हिच्याइतका कान विद्यालयात दुसऱ्या कोणाचा नाही, सबब वाद्यदुरुस्तीचा वर्ग सुरू करून हिला पहिली विद्यार्थिनी म्हणून घ्यावे, असे त्या म्हणाल्या. जागा नसल्याचे अध्यक्षांनी सांगितले. शिक्षिकांनी स्वतःची खोली देऊ केली. त्यांचा वर्ग यापुढे जिन्याखाली भरेल. ठराव संमत.'

मावशीने वर पाहिलं. उत्तरेच्या दोन उंच खिडक्या, दिवसभर न हलणारा उजेड. याच खोलीत ती बाईंकडे शिकली होती; बाई खाली का गेल्या, ते तिने कधी विचारलंच नव्हतं. बाई निवृत्त होईपर्यंत एकोणीस वर्षं जिन्याखालच्या त्या बुटक्या खोलीत शिकवत होत्या. डोक्यावर दिवसभर पावलं वाजत. 'शाळा बाईंच्या डोक्यावरून जाते,' असं पोरं म्हणत आणि तीही त्यांच्यात हसे.

तिने सरसाची शेगडी बंद केली, हात धुतले आणि ती निघाली.

बाई आता शहाऐंशी वर्षांच्या होत्या आणि भाचीकडे राहत होत्या. भाचीने दार उघडलं.

"या. आज स्वारी खुशीत आहे. सकाळपासून दोनदाच ओरडली."

बाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. मावशीने वाटेत दोन-तीन वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही वेळेवर आलं नाही.

"बाई, खोलीचं तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कोणत्या खोलीचं?"

"वरच्या. तुमच्या."

बाईंनी जरा वेळ आठवून पाहिलं. "उजेड चांगला होता तिथे. जोडकामाला उजेड लागतो. वाजवायला काय, डोळे मिटूनही वाजतं."

"मला वाटलं होतं, तुम्ही मला हाकललंत."

"हाकललंच होतं. गोड बोलले असते, तर आणखी चार वर्षं त्या बोटाशी झगडत बसली असतीस."

"कारण तरी सांगायचंत."

"आणि मग? तू शिकली नसतीस. उपकार फेडत बसली असतीस."

मावशी कपाटाकडे बघत राहिली. काचेआड बाईंचं व्हायोलिन होतं. हात थरथरायला लागल्यापासून बाईंनी ते घेतलं नव्हतं, आणि एक तार सैल पडलेली इथूनही दिसत होती. तिचे पाय आपोआप तिकडे वळले. तिने व्हायोलिन काढलं, पदराने पुसलं आणि खुंटी पिळत तार सुरात आणली.

"प्राचार्य पुस्तकाचं सांगून गेलेत. त्यात माझं नाव घालायचं नाही," मागून बाई म्हणाल्या. "वर्ग सुरू झाला, एवढंच लिही."

"तेवढं मी ऐकायची नाही, बाई."

जन्मात पहिल्यांदा तिने बाईंना नाही म्हटलं होतं. भाची पाणी आणण्याच्या निमित्ताने आत गेली. बाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या,

"दुरुस्त झालं की वाजवून बघतेस ना?"

"सूर बघते फक्त. वाजवणं नाही म्हणता येणार त्याला."

"मग सूर बघ."

चौतीस वर्षांत मावशीने माणसासमोर व्हायोलिनचा गज धरला नव्हता. तिने व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. करंगळीला काही कामच नव्हतं. नुसत्या मोकळ्या तारा. खालच्या तारेवरून तिने गज टोकापर्यंत ओढला, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. चौथी तार वाजून थांबली तरी खोलीत तिचा आवाज रेंगाळत होता. बाईंचे डोळे मिटलेले होते. मावशीला वाटलं, त्यांना झोप लागली.

"कोपर," बाई म्हणाल्या.

तिने कोपर खाली घेतलं आणि पुन्हा पहिल्या तारेपासून सुरुवात केली.