गार होईपर्यंत

ताईने इंजिनाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. चांगलंच तापलेलं होतं.

"तुम्ही येणार म्हणून आधीच चालवून ठेवलं," भावाचे सासरे म्हणाले. "उगाच तुमचा खोळंबा नको." जुन्या गाड्या फोडून सुटे भाग विकायचं त्यांचं यार्ड होतं, आणि तोंडात सदा साखर. त्यांनी किल्ली फिरवली. लोखंडी स्टँडवरचं ते इंजिन लगेच चालू झालं. ना धूर, ना खडखड.

"बघ!" धाकटा भाऊ म्हणाला. "मी सांगत होतो ना? घरचाच माल आहे, ताई. आता त्यात तपासायचं काय?"

घरचा माल म्हटलं की माणूस डोळे मिटून घेतो, आणि मग फसला की तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातो. ताईला ते परवडणारं नव्हतं. ती रोज पहाटे आजारी माणसांना इस्पितळात सोडायची, दुपारी परत आणायची. तिच्या गाडीचं इंजिन गेल्या आठवड्यात जाम झालं. साठवलेल्या पैशांत एक इंजिन येत होतं, दुसरं नाही. हे बिघडलं की गाडी भंगारात आणि ताई भावाच्या घरी, मागच्या खोलीत. ती खोली भावाने रंगवून, पलंग टाकून तयारच ठेवली होती. एकदा तिथे गेलं की उरलेला जन्म दुसऱ्याच्या तोंडाकडे बघण्यात जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"बंद करा, काका," ती म्हणाली. "गार होऊ दे. मग परत चालू करू."

"अहो, गार व्हायला दुपार होईल!"

"होऊ दे. मी डबा आणलाय."

तापलेलं इंजिन म्हणजे पाहुण्यांसमोर बसवलेलं कार्टं. तेवढ्यापुरतं गुणी दिसतं. झिजलेलं इंजिन आपले गुण गार असतानाच उधळतं, आणि वर्षानुवर्षं पहाटेच्या थंडीत किल्ली फिरवणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. कुठल्याशा बसमधून उचकटलेली एक सीट भिंतीशी पडली होती. ताई तिच्यावर ऐसपैस बसली.

सासऱ्यांनी चहा मागवला. ताईने तो आनंदाने घेतला. थोड्या वेळाने ते पाण्याचा डबा घेऊन इंजिनाकडे निघाले, तशी ती बसल्या जागेवरून ओरडली, "पाणी ओतू नका! तडा गेला तर तोही माझ्याच गळ्यात माराल."

भावाचा चेहरा उतरला. तो तिच्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, माझं सासर आहे हे. जरा माझ्या अब्रूचा तरी विचार कर."

"तुझी अब्रू गार इंजिनाला घाबरते का रे?"

"तू ना, ऐकायचीच नाहीस."

"नाहीच."

तिने डबा खाल्ला, रिकामा डबा पिशवीत ठेवला, एक डुलकीही काढली. भाऊ येरझाऱ्या घालत राहिला. दुपार कलली तेव्हा ताई उठली आणि इंजिनावर तळवा टेकवून उभी राहिली. या वेळी हात मागे घ्यावा लागला नाही.

"हं, काका. फिरवा किल्ली."

इंजिन कण्हलं, कुंथलं, बंद पडलं. तिसऱ्या खेपेला खोकत चालू झालं आणि निळ्या धुराचा लोट सगळ्यांच्या तोंडावर आला. आतून कुणी पातेल्यावर पळी आपटावी तशी टकटक ऐकू येत होती.

"तापलं की थांबेल ते," सासरे म्हणाले.

"तापलं की काय होतं ते सकाळीच दाखवलंत. तेल जळतंय, काका. आतून पुरतं झिजलंय." ताईचा आवाज चढला. "एवढी वर्षं धंदा करताय. नात्यातल्या बाईच्या गळ्यात ही धोंड बांधताना काहीच वाटलं नाही?"

तेवढ्या एका वाक्याने सासऱ्यांच्या तोंडातली साखर संपली.

"ओ ताई! मला चोर म्हणायचं काम नाही! तुमच्यासाठी मी दुसरंच काढलं होतं. ती बघा, मागून ठोकलेली गाडी. तोंड शाबूत आहे तिचं, इंजिन एक नंबर आहे. तुमचा भाऊच म्हणाला, ते नको, हे द्या. दोन-चार महिने चालेल, बंद पडेल, मग ताई आपसूक घरी बसेल!"

भाऊ बुटाच्या टोकाने माती उकरत होता.

ताईच्या त्याच जाम झालेल्या गाडीत बसून हा परीक्षांना गेला होता, नवरदेव होऊनही त्याच गाडीत बसला होता. तिला रडू आलं. पण राग त्याहून मोठा होता, आणि रागाने रडू गिळून टाकलं.

"तुझ्या भल्यासाठीच केलं, ताई," भाऊ पुटपुटला. "पहाटे एकटी बाई, परकी माणसं... मला झोप लागत नाही. काही बरंवाईट झालं तर?"

"मग तसं तोंडावर बोलायचं होतंस. भांडलो असतो. आणि हे भर रस्त्यात बंद पडलं असतं तर? मागच्या सीटवर ऑक्सिजन लावलेला म्हातारा असता तर? त्याचं भलं कुणी बघायचं होतं?"

भावाने वर पाहिलं. हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसलं.

"ताई, चल, घरी जाऊ. बोलू आपण."

"ती स्टँडजवळची बॅटरी उचल," ताई म्हणाली. "आणि माझ्या मागून ये."

ठोकलेल्या गाडीच्या बॉनेटवर पाचोळा साचला होता. इंजिन गारढोण होतं. ताईने तेल बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला. तेलात पाणी उतरलं की झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरा फेस धरतो; तो आहे का ते पाहिलं, नव्हता. प्लग एकेक करून काढले आणि उजेडात धरले; तेलकट काजळी कुठेच नव्हती.

"आता तरी विश्वास ठेवा," सासरे म्हणाले.

"तो सकाळीच संपला, काका." तिने प्लग परत बसवले आणि भावाला वायरी जोडायला लावल्या. मग सासऱ्यांकडून किल्ली मागून घेतली आणि स्वतः आत बसून फिरवली.

इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झालं. मागे धुराची रेघसुद्धा नव्हती. ताई उतरून पुढे आली आणि उघड्या बॉनेटखाली वाकली. भाऊ शेजारी उभा होता. त्याचे हात काळे झाले होते.

"ताई," तो म्हणाला, "माझं चुकलं. मला खरंच वाटलं की..."

"गप्प बस," ताई म्हणाली. "मला इंजिन ऐकू दे."