कोपऱ्यात बंद पडणारा टिलर

परदेशातल्या मनुरेवा उपनगरात, गुरुनाथच्या मागच्या अंगणात त्या शनिवारी एका महाराजांचा चमत्कार बघायला चाळीसेक माणसं जमली होती. कुंपणापाशी जँडल्सचा, म्हणजे इथल्या रबरी चपलांचा, ढीग. माती खणायच्या जुन्या टिलरला गुरुनाथने नवंकोरं इंजिन बसवलं, तरी कोपऱ्यात गेला की तो बंद पडायचा. महाराजांनी हात लावला की मात्र चालायचा!

"इंजिन बदलाल, भूमीतला आत्मा कसा बदलाल?" महाराज गरजले. "न जन्मलेलं लेकरू आहे ते. आई बाहेर आली, तर तिलाही नेईल!"

गुरुनाथच्या बायकोचा, विभावरीचा, गर्भ एप्रिलमध्ये पडला होता. ती स्वतः नर्स. तरी महाराजांच्या सांगण्यावरून तिला एकवीस दिवस मागच्या खोलीत बसवलेलं. उंबऱ्यावर भस्माची रेघ, बाहेरून कडी. आज नववा दिवस. मी शेजारीण, खिडकीतून डबा द्यायला गेले.

"सुनीताताई, चार दिवस मलाही खरंच वाटलं," ती कुजबुजली. "बाळ माझ्यामुळेच गेलं असं. इथून दिसतो तो फक्त टिलर. बघत बसले. तो शेडजवळही बंद पडतो. माती कडक लागली की गुरुनाथ हँडल दाबतो, आणि दाबलं की बंद. महाराज नुसती बोटं टेकवतात. कडी काढा ना."

स्वयंपाकघरातून आत जाऊन मी कडी काढली.

विभावरी रेघ ओलांडून अंगणात आली. "आत जा!" गुरुनाथ किंचाळला.

"महाराज, हँडल जोरात दाबा," ती म्हणाली.

"बेटी, आम्ही यंत्र नाही, आत्मा दाबतो."

मग तिनेच टिलर चालू करून हँडल दाबलं, कोपऱ्यापासून लांब, नळाजवळच्या मऊ मातीत. टिलर बंद! बंद करायच्या बटणाकडून इंजिनाकडे जाणारी वायर तिने बोटाने चाचपली. क्लॅम्पपाशी आवरण झिजून तांबं उघडं पडलं होतं.

"इंजिन नवं, वायर जुनीच. हँडल दाबलं की तांबं दांड्याला टेकतं, मग इंजिनात ठिणगी पडत नाही आणि ते थांबतं."

तिने वायरला टेप गुंडाळली, टिलर पुन्हा चालू करून कोपऱ्यात नेला आणि सगळा भार टाकला. तो चालतच राहिला.

"आमच्या मंत्राचा प्रभाव!" महाराज म्हणाले.

"मग मंत्राने बंद करून दाखवा."

महाराज जँडल्स शोधू लागले.

"विभा, मला वाटलं..." गुरुनाथ पुटपुटला.

"डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं. तू शेजारीच बसला होतास."

ती त्या खोलीत परत गेली नाही. माझ्याकडे आली आणि सोमवारी कामावर गेली.

यंत्र अडलं तर यंत्र तपासा. बाईचं मूल गेलं असेल, तर तिच्याजवळ बसा. तिला कोंडू नका.